हिरवे काकण, हिरवा पडदा

यंदा पहिल्या सत्राच्या चाचणी परीक्षेत आम्हांला एक प्रश्न होता : ‘कादंबरीत पात्रांच्या पोशाखाच्या वर्णनाचे कार्य काय, ते एका उदाहरणाने स्पष्ट करा.’ मे महिन्याच्या सुट्टीत मी मार्गारेट मिचेल यांची ‘गॉन विथ द विंड’ ही जाडजूड कादंबरी ग्रंथालयातून नेऊन, मांडीवर शब्दकोश घेऊन, कशीबशी वाचून काढली होती. तेव्हा उदाहरण तयारच होते. मी लिहिले, ‘या कादंबरीची नायिका स्कार्लेट पुन्हा पुन्हा हिरवा पोशाख करते, कारण हिरवा हा सौभाग्याचा रंग आहे.’ पेपर परत मिळाला तेव्हा या वाक्याखाली लाल रेघ होती आणि समासात सरांनी दोनच शब्द लिहिले होते : ‘कोणाच्या सौभाग्याचा?’

त्या दोन शब्दांचे उत्तर शोधताना मला जे उमगले ते या लेखात मांडायचे आहे. विषय तसा लहानसा आहे. कथा-कादंबऱ्यांत कपड्यांचे आणि घराच्या आतील सामानाचे वर्णन करताना लेखक हिरवा रंग वापरतो, तेव्हा तो वाचकाला नेमके काय सांगत असतो? आपण अशा ओळी बहुधा भराभर ओलांडून पुढे जातो. मीही जात असे.

आधी माझी चूक कुठून आली ते सांगते. आपल्याकडे नवरीच्या हातात हिरवा चुडा भरतात, पुष्कळ घरांत तिला हिरवा शालू नेसवतात, डोहाळजेवणाला हिरवी साडी लागते, देवीच्या ओटीत हिरव्या बांगड्या असतात. पेरलेले उगवते, वाढते, भरते, म्हणून हिरवा रंग भरल्या घराचा. हा अर्थ मला कोणी शिकवला नाही. तो मी भाषेबरोबरच उचलला. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येत होती. तेव्हाच्या वाचकाला बांगडी फुटणे किंवा आलवण नेसणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नसे. वस्तूचे नाव घेतले की पुरे. समाजाने रंगाला अर्थ देऊन ठेवलेला असला की लेखकाचे निम्मे काम आधीच झालेले असते.

पण हाच अर्थ खिशात घालून आपण दुसऱ्या देशाच्या कादंबरीत गेलो की फसगत होते. ते नाणे तिथे चालत नाही.

‘गॉन विथ द विंड’ १९३६ साली प्रसिद्ध झाली आणि १९३७ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. कथा अमेरिकेच्या दक्षिणेतील जॉर्जिया राज्यात घडते आणि एप्रिल १८६१ मध्ये, म्हणजे तेथील यादवी युद्धाच्या तोंडावर, सुरू होते. कादंबरी गुलामगिरीच्या त्या जगाकडे फार हळव्या नजरेने पाहते. तिच्यातील काळ्या माणसांची चित्रणे आज आपल्याला खटकतात आणि खटकलीच पाहिजेत. ते विसरून नव्हे, तर ते ध्यानात ठेवूनच तिच्यातल्या हिरव्या रंगाकडे पाहू.

पहिल्याच प्रकरणात सोळा वर्षांची स्कार्लेट दिसते. तिचे डोळे फिकट हिरवे. अंगात हिरव्या फुलांचा मलमलीचा नवा झगा, त्याला बारा वार कापड. पायात हिरव्या चामड्याचे जोडे, वडिलांनी नुकतेच अटलांटाहून आणलेले. इथे सौभाग्याचा काही संबंध नाही. लाडाकोडात वाढलेली, आरशापुढून न हलणारी मुलगी आपल्या डोळ्यांना शोभेल असा रंग निवडते, एवढेच लेखिकेला दाखवायचे आहे. बारा वार हा आकडाही उगाच दिलेला नाही. कापसाच्या मळ्याचा मालक बाप आणि शेतात राबणारे गुलाम असल्याखेरीज एका झग्याला बारा वार कापड परवडत नाही. रंग डोळ्यांत भरतो आणि त्याच्या आड हिशेब लपतो.

दुसरा हिरवा येतो तो काळ्यावर. स्कार्लेट रागाच्या भरात चार्ल्स हॅमिल्टनशी लग्न करते. तो युद्धावर जातो आणि दोन महिन्यांच्या आतच छावणीत गोवराच्या दुखण्यात मरतो. सतराव्या वर्षी ती विधवा होते. आता तिला काळेच वापरायचे, नाचायचे नाही, मोठ्याने हसायचे नाही. तिथल्या विधवेचा रंग काळा. हे वाचताना मी थबकले. काळा-हिरवा हा भेद दोन देशांत वेगळा असला तरी बाईच्या अंगावरचे कापड पाहून तिचा नवरा आहे की नाही हे साऱ्या गावाला कळले पाहिजे, हा नियम दोन्हीकडे सारखाच. मग रेट बटलर तिच्यासाठी पॅरिसहून एक टोपी आणतो. गर्द हिरव्या रेशमाची. ती टोपी पाहून स्कार्लेटचा जीव वरखाली होतो. ती आधी म्हणते, मी ही काळी रंगवून घेईन. रेट सांगतो, तसे असेल तर टोपी मिळणार नाही. विधवेच्या डोक्यावर हिरवी टोपी! मी परीक्षेत जे वाक्य लिहिले त्याच्या अगदी उलट गोष्ट पुस्तकात होती, आणि वाचूनही मला ती दिसली नव्हती.

तिसरा हिरवा सर्वांत प्रसिद्ध. युद्ध संपले आहे, मळा उजाड झाला आहे, कर भरायला तीनशे डॉलर हवेत आणि घरात एक पैसा नाही. रेटकडे पैसा आहे, पण तो अटलांटाच्या तुरुंगात. त्याच्यापुढे भिकारणीसारखे जाऊन चालणार नाही. स्कार्लेटची नजर दिवाणखान्याच्या खिडक्यांवर जाते. तिथे तिच्या मरण पावलेल्या आईने लावलेले शेवाळी हिरव्या मखमलीचे पडदे आहेत. ते काढून मॅमी आणि घरातल्या बायका तिच्यासाठी झगा शिवतात. मॅमी म्हणजे जन्मभर त्या घरात गुलाम म्हणून राबलेली बाई.

घराचे सामान आणि अंगावरचे कापड या दोन गोष्टी इथे एकच होतात. खिडकीवर होता तोवर तो पडदा आईची, सुबत्तेची, स्थिर घराची खूण होता. अंगावर आला तेव्हा तोच गरिबी झाकायच्या कामी आला. रंग बदलला नाही, कापड बदलले नाही, अर्थ मात्र पार उलटला. ही गोष्ट मी माझ्या आईला सांगितली. सगळे ऐकून घेऊन ती म्हणाली, “मग खिडकीला काय लावलं?” मला उत्तर देता आले नाही. माझी आई शाळेत चौथीपर्यंत गेली आहे. कादंबरीतले मर्म तिने माझ्याआधी पकडले, असे मला तेव्हा वाटले आणि अजूनही वाटते.

या प्रसंगाचा शेवटही लक्षात ठेवण्यासारखा आहे. मखमल रेटला फसवते, पण फार वेळ नाही. तो तिचा हात हातात घेतो, तळवा उलटा करतो आणि कापूस वेचून पडलेले घट्टे त्याला दिसतात. कापड खोटे बोलले, हाताने खरे सांगितले.

चौथा हिरवा पुढे येतो. स्कार्लेट आता रेटची पत्नी आहे आणि ॲशलेबरोबर तिचे नाव जोडले गेले आहे. त्याच ॲशलेच्या वाढदिवसाच्या समारंभाला रेट तिला बळेच घेऊन जातो आणि हिरव्या रेशमाचा उठावदार झगा स्वतः काढून तिला घालायला लावतो. सगळ्यांनी तिच्याकडे पाहावे, म्हणून. १९३९ च्या चित्रपटात मात्र याच प्रसंगी तिचा पोशाख गडद लाल आहे. असे का केले असावे? माझा तर्क असा. चित्रपटात प्रेक्षकाला क्षणभरात ‘ही अपराधी’ असे वाटले पाहिजे आणि त्याला लाल रंग सोयीचा. कादंबरीच्या वाचकाजवळ मात्र आधीच्या तीन हिरव्यांची आठवण असते. मुलीने हौसेने घातलेला रंग, विधवेने मोहाने घेतलेला रंग, गरजेने पांघरलेला रंग, आणि आता शिक्षा म्हणून अंगावर चढवलेला तोच रंग. लेखिकेने रंग एकच ठेवल्यामुळे त्याखालची बाई किती बदलली, हे आपल्याला मोजता येते.

आता दुसरे उदाहरण, रशियातले. अन्तोन चेखव यांचे ‘तीन बहिणी’ हे नाटक १९०१ साली मॉस्को आर्ट थिएटरने रंगभूमीवर आणले. पहिल्या अंकाच्या सुरुवातीला ओल्गा शिक्षिकेच्या निळ्या पोशाखात, माशा काळ्यात आणि इरीना पांढऱ्यात दिसते. सेनापतीच्या या मुली मॉस्कोत वाढलेल्या, तीन-चार भाषा जाणणाऱ्या. त्यांच्या भावाला आवडणारी गावातली नताशा जेवणाला येते ती गुलाबी झगा आणि त्यावर हिरवा पट्टा घालून. ओल्गा दचकून तिला हिरव्या पट्ट्याबद्दल बोलते. नताशा घाबरून विचारते, हा काही अपशकुन आहे का? ओल्गा सांगते, तसे काही नाही, फक्त ते जुळत नाही.

हा भाग वाचताना माझे कान गरम झाले. महाविद्यालयाच्या पहिल्या दिवशी मी गुलाबी ड्रेसवर पोपटी ओढणी घेऊन आले होते. आमच्या गावच्या बाजारातली ती सगळ्यांत चांगली ओढणी. वर्गातल्या एका मुलीने दुसरीला हळूच काहीतरी म्हटले आणि दोघी हसल्या. तिसऱ्या दिवशी ओढणी पेटीच्या तळाशी गेली. नताशाचा प्रश्न मला इतका कळला की बाकीच्यांना तो विनोदी वाटतो याचेच आश्चर्य वाटले. जिला नियम ठाऊक नसतात, तिला प्रत्येक चूक अपशकुनच वाटते. घरात आधी कोणी शिकलेले नसले की अशा शंभर न लिहिलेल्या नियमांतून वाट काढावी लागते. कोणता रंग कशावर, कोणत्या दाराने आत जायचे, कोणापुढे उभे राहायचे.

परंतु चेखव नताशाला नुसती गरीब बिचारी ठेवत नाही. पुढे ती त्या घराची मालकीण होते, म्हाताऱ्या दाईला घालवून द्यायला निघते, आणि चौथ्या अंकात इरीनाला सांगते की तुझा पट्टा तुला शोभत नाही. पहिल्या अंकात जो वार तिच्यावर झाला, तोच ती शेवटच्या अंकात दुसरीवर करते. एका हिरव्या पट्ट्याने नाटककाराने दोन वर्गांतली तेढ सांगितली आणि अपमान माणसाला नेहमीच मोठे करत नाही, हेही सांगितले. हे दुसरे वाचून मला थोडी भीती वाटली. उद्या माझ्या गावची एखादी मुलगी पहिल्या वर्षाला येईल, तेव्हा मी कशी वागेन?

दाराचा उल्लेख आला म्हणून तिसरे उदाहरण घराच्या आतले घेते. जुन्या इंग्रजी श्रीमंत घरांत मालकांचा भाग आणि नोकरांचा भाग यांच्यामध्ये एक दार असे. नोकरांच्या बाजूचा आवाज आणि वास मालकांकडे येऊ नये म्हणून त्यावर हिरवी बनात ठोकलेली असे. ग्रॅहम ग्रीन यांच्या १९३५ च्या ‘द बेसमेंट रूम’ या कथेत फिलिप नावाचा लहान मुलगा, आईवडील बाहेरगावी गेल्यावर, ते हिरव्या बनातीचे दार ढकलून खाली बटलरच्या जगात जातो आणि मोठ्यांच्या गुपितांत नकळत सापडतो. ग्रीन यांचे वडील शाळेचे मुख्याध्यापक होते आणि त्यांचे घर व शाळा यांच्यामध्येही असेच दार होते, हे त्यांनी १९३९ च्या ‘द लॉलेस रोड्स’ या पुस्तकात लिहिले आहे. इथे हिरवा हा सौभाग्याचाही नाही आणि सौंदर्याचाही नाही. तो सीमेचा रंग आहे. आपल्या समारंभांत पाहुण्यांपुढच्या टेबलावर हिरवे कापड अंथरतात, ते मी आता निराळ्या नजरेने पाहते. कापडाच्या अलीकडे आपण, पलीकडे ते.

आता थोडे रंगाच्या घडणीविषयी. जुन्या रंगाऱ्यांना हिरवा रंग एका घाण्यात साधत नसे. आधी कापड निळीत बुडवायचे, मग त्यावर हळदीचा किंवा डाळिंबाच्या सालीचा पिवळा रंग चढवायचा. युरोपातही निळ्यावर पिवळाच चढवीत, वनस्पती तेवढ्या वेगळ्या. १७७५ साली स्वीडनमध्ये कार्ल विल्हेल्म शीले या रसायनशास्त्रज्ञाने तांबे आणि सोमल यांच्यापासून हिरवे रंगद्रव्य तयार केले. १८१४ साली जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे त्याहून तेजस्वी प्रकार निघाला. भिंतींचे कागद, कपडे, केसांत माळायची कृत्रिम पाने या सर्वांवर तो चढला. सोमल म्हणजे विष. १८९० च्या दशकात इटलीतील बार्तोलोमेओ गोसिओ यांनी दाखवून दिले की ओलसर भिंतीवरील अशा रंगावर बुरशी धरली की विषारी वायू सुटतो.

या रंगाची एक हकीगत माझ्या मनातून जात नाही. लंडनमध्ये मटिल्डा शूरर नावाची एक कामगार मुलगी कृत्रिम पानांवर ही हिरवी भुकटी शिंपडण्याचे काम करी. नोव्हेंबर १८६१ मध्ये ती सोमलाच्या विषबाधेने मेली. तिचे वय होते एकोणीस. आज माझे जितके आहे तितके. कादंबरीतली स्कार्लेट हिरव्या मलमलीत ओसरीवर बसते ते वर्षही १८६१ च. एक कल्पनेतली आणि एक खरी. स्कार्लेटच्या झग्यात सोमल होता असे मी म्हणत नाही, कारण प्रत्येक हिरवा रंग विषारी नव्हता. परंतु त्या काळच्या कथेत एखादी तरुणी केसांत हिरवी पाने माळून नाचायला निघते तेव्हा ती पाने कोणाच्या हातांनी रंगली, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. लेखकाने ते सांगितले नसले तरी.

या सर्वांतून मी माझ्यापुरता एक नियम काढला आहे, तो बरोबरच्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असे वाटते. वर्णनात रंग आला की तीन प्रश्न विचारावेत. एक, छटा कोणती? आपल्या भाषेत पोपटी, शेवाळी, मेंदी, मोरपंखी, पिस्ता अशी वेगवेगळी नावे आहेत आणि प्रत्येक नावामागे एक वस्तू व एक जागा आहे. शेवाळी म्हटले की मला आमच्या विहिरीच्या निसरड्या पायऱ्या दिसतात. स्कार्लेटला तसे दिसणार नाही. दोन, कापड कुठून आले, ते कोणी विणले, रंगवले, शिवले? तीन, ते पाहणारा कोण आहे? नताशाचा पट्टा तिच्या घरी सुंदरच असेल. तो चुकीचा ठरला ओल्गाच्या डोळ्यांत. ‘हिरवा म्हणजे अमुक’ असा तक्ता पाठ करून या तीन प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. ती त्या त्या गोष्टीतच शोधावी लागतात.

आता सरांचा प्रश्न. कोणाच्या सौभाग्याचा?

मी सातवीत असताना माझे वडील गेले. त्या दिवशी शेजारच्या बायकांनी आईच्या हातातल्या हिरव्या बांगड्या फोडल्या. त्यातले काचेचे तुकडे दुसऱ्या दिवशी मीच झाडून काढले. तेव्हापासून आईच्या हातात धातूची एकेक साधी बांगडी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे अशा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. आमच्या घरी ते सगळे त्याआधीच होऊन गेले होते.

हिरवा हा सौभाग्याचा रंग, हे वाक्य मी परीक्षेत लिहिले तेव्हा आई माझ्या डोळ्यांपुढे नव्हती. कादंबरीतली विधवा आणि तिची हिरवी टोपी मला वाचूनही दिसली नाही, तिचे कारणही तेच असावे. पाठ झालेला अर्थ डोळ्यांवर पडद्यासारखा असतो.

दिवाळीनंतर माझ्या चुलत बहिणीचे लग्न झाले. कासार चुडा भरायला आला तेव्हा पूर्वी आई मागच्या दारी भांडी घासायला निघून जात असे. यंदा मी तिला स्कार्लेटच्या टोपीची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली होती. ती हसली होती, बाकी काही बोलली नव्हती. चुडा भरायच्या वेळी ती बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली. स्वतः बांगडी घातली नाही, मीही आग्रह केला नाही. पण माझा हात हातात घेऊन तिने कासाराला सांगितले, “हिला सव्वादोनची द्या, अडीचची ढिली होईल.” आणि पेटीतल्या हिरव्या बांगड्या एकेक उजेडात धरून, तडा गेलेली नाही ना, हे ती पाहत राहिली.

(द्वितीय वर्ष, कला)